घरात दिव्यांग मूल असलेल्या गरीब कुटुंबाला नेमकी कशी मदत करावी?
पैसे द्याच, पण आधी घरच्यांना विचारा की रोज कुठे अडतंय, कारण मुलाला सांभाळायला बऱ्याचदा कोणीतरी घरी बसतं म्हणजे एक पगार जातो आणि खर्च उलट वाढतो, थेरपी, डायपर, जायचं-यायचं गाडीभाडं. त्यामुळे आठवड्यातून दोन तास तुम्ही मुलाजवळ बसलात तरी खूप मोठा आधार होतो, फक्त त्याला भरवायचं कसं, उचलायचं कसं ते आधी नीट शिकून घ्या. व्हीलचेअर परस्पर घेऊन देऊ नका प्लीज, मापाची नसेल तर पाठीला त्रास होतो, जखमाही होतात. आणि सरकारी मदतीचे फॉर्म भरायला सोबत जा, ती भीक नाहीये, युनोच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम २८ मध्ये अशा कुटुंबांना खर्चाला मदत मिळावी असं स्पष्ट लिहिलंय.