टाकी भरली, की शोषखड्डा मेला?

घर-परिसर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घर बांधून सात वर्षं झाली, सहा माणसं आहोत. संडासाची टाकी साधारण दोन हजार लिटरची आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत ती तीनदा उपसली. टँकर येऊन गेला की पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा संडासात पाणी चढतं. मोठी टाकी बांधावी का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : मोठी टाकी बांधू नका, पैसे वाया जातील. सेप्टिक टँक नेहमी भरलेलीच असते. तसं तिनं असायलाच हवं. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या टोकानं बाहेर जातं, मैला तळाशी बसतो आणि तेलकट तवंग वर राहतो. तुमच्याकडे सहा माणसांचं संडासाचं पाणी रोज दीडशे-पावणेदोनशे लिटर धरा. म्हणजे रिकामी टाकी भरायला अकरा ते तेरा दिवस लागतात. तुम्हाला ‘बरं’ वाटतं ते टाकी पुन्हा भरेपर्यंतच. खरा बिघाड पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर आहे.

टाकी आणि शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) यांच्या मधलं चेंबर उघडून पाहा. चेंबर तुडुंब असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाही. चेंबर कोरडं आणि टाकी मात्र वरपर्यंत चढलेली असेल तर टाकीतून बाहेर जाणारा टी-पाईप (इंग्रजी T च्या आकाराचा पाईप) तवंगानं किंवा कापडानं बुजला आहे. दोन्हीकडे पातळी नेहमीची असेल तर संडास ते टाकी या पाईपमध्ये अडकलं आहे.

तुमच्याकडे बहुतेक पहिलीच गोष्ट असणार. तापीकाठची काळी माती भिजली की फुगते आणि तिची छिद्रं मिटतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, म्हणून मे महिन्यात खड्डा चांगला वाटतो आणि श्रावणात फसतो. त्यात खड्ड्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं काळपट बुळबुळीत थर साचतो. तो थर पाण्याला अडवतो.

दुसरा खड्डा खणण्याआधी माती तपासा. जिथे पाणी मुरवायचं तेवढ्या खोलीवर फूटभर रुंदीचा खड्डा घ्या, रात्रभर पाणी भरून माती मुरू द्या. सकाळी सहा इंच पाणी ठेवा आणि ते २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्ड्याऐवजी आडव्या उथळ चरी घ्या : खोली ५० ते १०० सेंटिमीटर, तळाशी खडी, त्यात भोकं पाडलेला पाईप, दोन चरींमध्ये दोन मीटर अंतर. एक तासाहून जास्त लागला तर त्या मातीत कितीही खणलं तरी उपयोग नाही. तिथे जमिनीच्या वर वाळू-खडीचा उंचवटा करून त्यात पाणी सोडावं लागतं, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. विहीर किंवा बोअरपासून किमान १८ मीटर लांब राहा. आपल्याकडे प्यायचं पाणी बोअरचंच असतं, तेव्हा इथे तडजोड नको.

तोवर न्हाणी, मोरी आणि वॉशिंग मशीनचं पाणी टाकीत जात असेल तर ते आजच वेगळं काढा. मशीनचं पाणी थोड्या वेळात एकदम येतं, तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात ढकलतं. पागोळ्यांचं पाणी तर कधीच जोडू नये. चरीच्या कडेला कर्दळ लावा, ती पुष्कळ पाणी ओढते. भाजीपाला मात्र तिथे नको.

प्रश्न : टाकीत जिवाणूंची पावडर, शेण किंवा गूळ टाकावा असं सांगतात. खरं का? आणि भांडं ॲसिडनं धुतलं तर चालतं?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : काहीच टाकायची गरज नाही. हवे ते जिवाणू मैल्यासोबत रोज येतात. शेणातल्या तंतूंनी उलट गाळ वाढतो. भांड्याला ब्रश आणि साबणाची पावडर पुरते. ॲसिडच्या थोड्याशा वापरानं टाकी मरत नाही, पण पाईप तुंबला म्हणून बाटल्याच्या बाटल्या ओतल्या तर जिवाणू मरतात आणि सिमेंटही खातं. फिनेल आणि ब्लिचिंग पावडरही बेतानंच वापरा. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, केस, तळणीचं तेल यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका.

प्रश्न : टाकी किती वर्षांनी उपसावी?
— एक वाचक, धुळे

उत्तर : सर्वसाधारणपणे दोन ते तीन वर्षांनी, पण मोजून ठरवा. तीन मीटरच्या सरळ बांबूला खालच्या टोकाला मीटरभर जुनं पांढरं टॉवेल घट्ट गुंडाळा. बाहेर जाणाऱ्या पाईपच्या बाजूच्या झाकणातून तळापर्यंत हळू उतरवा, दोन-तीन मिनिटं धरा आणि हळूच काढा. टॉवेलवर जेवढा गडद काळा पट्टा, तेवढा गाळ. पाण्याची खोली १२० सेंटिमीटर असेल आणि पट्टा ४० च्या वर गेला तर टँकर बोलवा. म्हणजे एकतृतीयांश ही मर्यादा.

झाकण उघडल्यावर अर्धा तास दूर थांबा, पोरांना जवळ येऊ देऊ नका, बिडी-काडी पेटवू नका. आत मिथेन असतो. वाकून आत डोकावू नका. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त असेल तर वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वाचत नाही. म्हणून कुणालाही टाकीत उतरवू नका, तो कितीही सराईत असो. सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उपसा नळीनंच व्हायला हवा.

उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्या, टाकी धुऊन काढू नका. प्लास्टिकची टाकी असेल तर भर पावसाळ्यात पूर्ण रिकामी करू नका, भूजल चढलं की ती उचलली जाते. उपसून झालं की लगेच पाणी भरा. आणि टँकरवाल्याला मैला कुठे टाकणार ते आधी विचारा. नाल्यात किंवा पांझरा नदीत टाकणार असेल तर परत पाठवा.

प्रश्न : गावाकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे. त्यालाही गॅसचा पाईप लावावा का?
— एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : नको. त्या खड्ड्यांच्या भिंती जाळीच्या असतात, गॅस मातीतच जिरतो. आधी पाहा की गवंड्यानं तळ किंवा भिंती सिमेंटनं बंद तर केल्या नाहीत, आणि चेंबरमधून दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू तर नाहीत. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, दुसऱ्याचं तोंड विटेनं बंद ठेवायचं. पहिला भरला की वाट बदला आणि तो किमान दीड-दोन वर्षं तसाच राहू द्या. मग आतलं खत कोरडं, बिनवासाचं निघतं आणि फावड्यानं काढून शेतात घालता येतं.