भाऊ रेकॉर्डवर आहे. घरच्या इंटरनेटची माहिती पोलिसांना द्यायची का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही फासेपारधी समाजाचे, जिंतूर तालुक्यात राहतो. माझा थोरला भाऊ चोरीच्या एका केसमधून निर्दोष सुटला, तरी ठाण्यात त्याचं नाव ‘रेकॉर्डवरचा’ म्हणून कायम आहे. गणपती-दसरा आला की बीट अमलदार घरी येतात. आधी नुसतं ‘कुठं आहे?’ एवढंच विचारायचे. या वेळी भावाचे सगळे सिम नंबर, जीमेल आणि त्याचा पासवर्ड लिहून मागितला. घरचं फायबर कनेक्शन माझ्या नावावर आहे, त्यावरच माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालतं. ‘नाही दिलं तर कंपनीकडून तासाभरात काढतो, मग तुझंही नाव येईल,’ असं म्हणाले. खरंच असं काढता येतं का? आम्ही काय करावं?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भाऊ, पासवर्डचं आधी सांगते. तो द्यायचा नाही. घरी आलेल्या अमलदाराला तो मागायचा अधिकार कुठल्याच कायद्याने दिलेला नाही.

आता कंपनीचं. कनेक्शन कुणाच्या नावावर, पत्ता काय, ओळखपत्र कोणतं दिलं, या माहितीला पोलीस ‘एसडीआर’ म्हणतात. ती मिळवायला त्यांना कोर्टाची परवानगी लागत नाही, आणि ती घेतल्याचं तुम्हाला कुणी कळवतही नाही. मला हे फार खुपतं, पण आज कायदा असा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली (जुन्या सीआरपीसीचं 91) ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश काढून अशी नोंद मागवू शकतो. मात्र त्याच कलमात अट आहे : ती नोंद एखाद्या तपासासाठी, चौकशीसाठी, खटल्यासाठी किंवा संहितेखालच्या कार्यवाहीसाठी गरजेची किंवा इष्ट असली पाहिजे. तेव्हा विचारायचं, तपास कशाचा? गुन्हा नंबर कोणता? सण तोंडावर आलाय आणि नाव रेकॉर्डवर आहे, एवढ्याने तपास होत नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची, म्हणजे कलम 129 ची (जुनं 110) नोटीस भावाला आली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण ती संहितेखालची कार्यवाही आहे. तसं असेल तर वकिलाकडे जायला एक दिवसही लावू नका.

कॉलच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, याहून नाजूक. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2013 मध्ये घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे ती मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच जायला हवी. बीट अमलदाराने तासाभरात काढायची ती वस्तू नव्हे. या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे घाबरून भावाने सिम फेकू नये. दुसऱ्याच माणसाच्या ओळखीवर नवं सिम तर अजिबात घेऊ नये. 2023 च्या दूरसंचार कायद्यात तो गुन्हा आहे.

तुमच्या दुकानाची मला भावापेक्षा जास्त काळजी वाटते. कंपनीच्या नोंदीतून कनेक्शन कुणाचं ते कळतं, त्या वेळी कीबोर्डवर बोटं कुणाची होती ते कळत नाही. शिवाय एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर कनेक्शनला मिळणारा नंबर, एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटलेला असू शकतो, आणि बऱ्याच विदेशी कंपन्या नोंदीत वेळ देतात ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. एवढ्या चुकीने पोलीस भलत्याच दारात उभे राहतात. 2007 मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांविषयी कुणीतरी घाणेरडा मजकूर टाकला. आयपी पत्त्याची माहिती चुकीची मिळाली आणि पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला उचललं. काही संबंध नसताना त्या माणसाने 50 दिवस तुरुंगात काढले. तो शिकलेला, नोकरदार, रेकॉर्डवर नाव नसलेला माणूस होता. तुमच्या पत्त्यावर आधीच एक नाव लिहिलेलं आहे, म्हणून सांगते : गिऱ्हाइकांना घरचं वायफाय देऊ नका, दुकानाचं कनेक्शन वेगळं घ्या, आणि कोण कधी कशासाठी बसला याची वही ठेवा.

खरं दुखणं ठाण्यातल्या त्या ‘रेकॉर्डवरच्या’ यादीत आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये जमातीच्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, तो 1952 मध्ये रद्द झाला. तरी 2024 च्या मे महिन्यात, दिल्लीतले आमदार अमानतुल्ला खान यांच्या प्रकरणात, मागास आणि विमुक्त समाजांच्या निरपराध माणसांच्या हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्यात ठेवलेल्या ‘रेकॉर्डवरच्या’ माणसाच्या नोंदी, नुसत्या पूर्वग्रहातून उघडल्या जात असल्याच्या आरोपांची दखल सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने तो ठरावीक काळाने तपासावा, असं न्यायालयाने म्हटलं. प्रकरण दिल्ली पोलिसांचं होतं, पण इतर राज्यांनीही तशी पद्धत आणण्याचा विचार करावा असे निर्देश दिले.

याच्या आधाराने परभणीला पोलीस अधीक्षकांकडे भावाच्या सहीचा अर्ज द्या : निर्दोष सुटलो आहे, हिस्ट्रीशीट बंद करावी, आणि तोंडी मागितलेली माहिती कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या कलमाखाली हवी ते लेखी कळवावं. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल जोडा. अमलदार कोणत्या तारखेला आले, काय म्हणाले, तेही लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. दाद लागली नाही तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात रिट अर्ज करता येतो. वकिलाच्या फीमुळे अडू नका. अनुसूचित जमातीचा दाखला असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो अर्ज जिंतूरच्या तालुका विधी सेवा समितीतही देता येईल.