वाचक विचारतात : ‘अनलॉक’ फोनचं नेमकं कोणतं कुलूप उघडलंय?

परदेशातून येणारे आणि इथल्या इथे हात बदलणारे जुने फोन घ्यावेत की नाही, यावर या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली पाच निवडली आहेत.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. दिवाळीत येताना स्वतःचा वापरलेला आयफोन १३ मला अठरा हजारांत देतो म्हणतोय. त्याने तो एटी अँड टीकडून हप्त्यांवर घेतला होता, पण आता ‘अनलॉक्ड’ आहे असं सांगतो. माझं जिओचं सिम चालेल ना? – एक वाचक, नाशिक रोड

भाच्याला नको, फोनलाच विचारा. सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडून खाली सरकलं की ‘कॅरियर लॉक’ अशी ओळ दिसते. तिच्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर कुठल्याही कंपनीचं सिम चालेल. ‘सिम लॉक्ड’ असेल तर तुमचं जिओ चालणार नाही. या ओळीचा स्क्रीनशॉट आजच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या.

घाई करायची ती यासाठी की हे कुलूप उघडायचं काम तिथूनच सोपं असतं. हप्त्यांवर दिलेला फोन अमेरिकन कंपनी आपल्या नेटवर्कला बांधून ठेवते. पैसे पूर्ण फिटले की ग्राहकाने आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, देऊन अनलॉकची विनंती करायची, ती मंजूर झाली की झालं. तुमचा भाचा ‘अनलॉक्ड’ म्हणतो त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की हप्ते फिटले. बांधलेला फोन इथे आणलात तर ‘सिम अनलॉक करून देतो’ म्हणणारे भेटतील. ते बहुधा सिमला एक कागदासारखी पातळ चिप चिकटवतात. आयओएसचं पुढचं अपडेट आलं की ती चिप कुचकामी होते आणि तुम्ही पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर.

आता दुसरं कुलूप, जास्त वाईट. नेटवर्क मोकळं असलं तरी फोन भाच्याच्या अ‍ॅपल खात्याला जोडलेला असतो. देण्याआधी त्याने सेटिंग्जमध्ये वर स्वतःच्या नावावर जाऊन साइन आउट करावं, पासवर्ड टाकून ‘फाइंड माय’ बंद करावं, आणि मग ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. हे न करता कुणी फोन संगणकाला जोडून पुसला, तर सुरू करताना फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. भाचा घरचा, तो आयक्लाउडच्या वेबसाइटवरून फोन खात्यातून काढून देईल. अनोळखी विक्रेत्याकडून असा फोन आला तर ती वीट समजा.

तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट : अमेरिकेतल्या आयफोन १३ ला सिमचा ट्रे आहे. तिथला १४ असता तर नसता. २०२२ पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि पुढच्या फोनना ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम. ते इथे चालतं, पण फोन बिघडला की सिम काढून दुसऱ्यात घालायची सोय जाते. कंपनीकडून सिम बदलून घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचे ओटीपीही नाहीत. आयत्या वेळी हे फार जाचतं. आयफोन १३ मध्ये एक साधं सिम आणि एक ई-सिम एकत्र चालतात. ५जी साठी आयओएस १६.२ किंवा पुढचं हवं. ते नसेल तर आधी अपडेट करून घ्या.

राहिली बॅटरी. अ‍ॅपलच्या हिशेबाने आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखतात. इतका वापरलेला फोन बहुतेक त्या आकड्याच्या आसपास असेल. सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ इथे तो दिसतो. ऐंशीच्या खाली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला नव्या बॅटरीचा दर विचारा आणि तो अठरा हजारांत मिळवा. क्षमता १०० टक्के दिसली तर लगेच खूश होऊ नका, बॅटरी बदललेली असू शकते. अबाउटमध्येच ‘पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी’ असा भाग दिसला तर उघडून बघा. ‘अननोन पार्ट’ म्हणजे स्क्रीन, बॅटरी किंवा कॅमेरा बाहेरचा आहे.

कॅरियर लॉकची ओळ स्वच्छ असेल तर फोन घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ आयफोन ११ पासून पुढे चालतं. तुमचा तेरावा अजून रांगेच्या मध्यावर आहे.

सॅमसंगचा एस २१ किंवा एस २२, दोन्ही सेकंड हँड मिळतायत. त्याच पैशात नवा स्वस्त फोनही येतो. काय घ्यावं? आणि विकणाऱ्याला भेटल्यावर काय-काय तपासायचं? – एक वाचक, चिंचवड

तारखा बघा म्हणजे निम्मा निर्णय होतो. एस २१ जानेवारी २०२१ चा, एस २२ फेब्रुवारी २०२२ चा. दोघांनाही सॅमसंगने पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचा शब्द दिला होता. म्हणजे एस २१ ची मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंतच, एस २२ ची २०२७ पर्यंत. अपडेट थांबले म्हणून फोन बंद पडत नाही, पण बँकेची अ‍ॅप्स ज्यावर आहेत अशा फोनसाठी मी एस २१ सुचवणार नाही. एस २२ चं दुखणं वेगळं : त्याची बॅटरी जेमतेम ३७०० एमएएच, आणि भारतात मिळणाऱ्या फोनमधला स्नॅपड्रॅगन ८ जेन १ प्रोसेसर गरम होणारा. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याचं त्यात भागत नाही. थोडे पैसे वाढवून एस २३ मिळाला तर तोच पाहा. अपडेट २०२८ पर्यंत. ते जमत नसेल तर नवा स्वस्त फोन घ्या. कॅमेरा कमी मिळेल, पण पावती आणि वॉरंटी मिळेल.

तपासणीला अर्धा तास ठेवा, आणि उजेडात भेटा. भेटीआधीच एक काम उरकता येतं. विक्रेत्याला फोनवर *#०६# डायल करायला सांगा, पंधरा आकडी आयएमईआय येतो (दोन सिमच्या फोनचे दोन). तुमच्या फोनवरून १४४२२ वर एसएमएस करा : आधी इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’, मग एक जागा सोडून तो क्रमांक. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. मॉडेल जुळलं नाही, किंवा ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’, ‘ऑलरेडी इन यूज’ असं आलं, तर चिंचवड ते हडपसर जायचं पेट्रोल वाचवा. विक्रेता क्रमांक द्यायला का-कू करतो, तेही उत्तरच समजा.

भेटल्यावर *#०*# डायल करा. चौकोनांची एक पाटी उघडते. लाल, हिरवा, निळा यांवर एकेकदा टेकवा. पूर्ण पडदा त्या रंगाचा होतो. डोळ्यांजवळ आणून वरची पट्टी आणि खाली कीबोर्डची जागा बघा. जळलेल्या अ‍ॅमोलेड पडद्यावर तिथे घड्याळाची किंवा अक्षरांची फिकट सावली दिसते. सगळ्यात स्पष्ट ती राखाडी रंगावर दिसते, म्हणून गॅलरीत एक कोरं राखाडी चित्र घेऊन जा. वरून खालपर्यंत हिरवी किंवा गुलाबी रेघ असेल तर बोलणं थांबवा. ती वाढत जाते आणि पूर्ण पॅनेल बदलल्याशिवाय जात नाही. जुन्या फोनला तो खर्च परवडत नाही. त्याच पाटीवर ‘टच’ आहे. बोटाने सगळे चौकोन रंगवा, एखादा पांढरा राहिला की तिथला टच मेला.

मग सिमचा ट्रे काढून टॉर्चने आत बघा. पांढरी ठिपकी पांढरीच असेल तर ठीक, लाल-गुलाबी झाली असेल तर पाणी शिरलंय. चार्जर लावून पिन हलवून बघा. सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपच्या डायग्नॉस्टिक्समध्ये बॅटरीची अवस्था दिसते. तुमचं सिम घालून एक कॉल करा, समोरच्याला आवाज कसा येतो ते विचारा. लोक पडदा तासभर न्याहाळतात आणि माइक तपासायचा विसरतात.

रीसेट सगळ्यात शेवटी, पैसे द्यायच्या आधी, आणि तुमच्या डोळ्यांसमोर. विक्रेत्याने आधी सेटिंग्जमधून गूगल आणि सॅमसंग दोन्ही खाती काढायची, मगच फॅक्टरी रीसेट. नंतर तुमच्या हॉटस्पॉटवर फोन सुरू करा. जुना जीमेल मागितला तर खातं नीट निघालेलं नाही. ‘हे उपकरण संस्थेच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाची सूचना किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचा पडदा आला तर फोन ऑफिसचा आहे किंवा त्याचे हप्ते बाकी आहेत. इंटरनेट न जोडता दाखवलेला फोन नेमका इथेच फसवतो.

सगळं जमलं तर साध्या कागदावर दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. आज चोरीच्या फोनच्या यादीत नसलेला फोन महिन्याने चोरीचा म्हणून नोंदला गेला, तर हाच कागद उपयोगी पडतो.

दुबईहून आणलेला २०१७ चा फोन आहे, ४जी आहे, अनलॉक आहे. जिओवर इंटरनेट झकास चालतं, पण कॉल लागत नाही. एअरटेलवर लागतो. फोन बिघडलाय का? – एक वाचक, वेंगुर्ला

नाही. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, बोलणंसुद्धा ४जीवरूनच, म्हणजे व्होल्टीने जातं. तुमच्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जिओसाठी व्होल्टी नसावं. एअरटेलवर कॉल करताना फोन हळूच २जीवर उतरतो, म्हणून तिथे भागतं. खात्री करायची तर एअरटेलवर कॉल चालू असताना वर बघा : ४जीच्या जागी ‘ई’ किंवा नुसत्या दांड्या आल्या आणि इंटरनेट थांबलं, तर व्होल्टी नाही.

सेटिंग्जमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्कखाली व्होल्टीचं बटण शोधा, सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. तरी नाही आलं तर हा फोन एअरटेलवरच ठेवा. बीएसएनएलचं ४जी घ्यायचं असेल तर फोनला बँड, म्हणजे सिग्नलचा पट्टा, २८ (७०० मेगाहर्ट्झ) किंवा बँड १ (२१००) आहे का, ते मॉडेल क्रमांकावरून पाहून घ्या. नुसतं ‘४जी’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ५जीचंही तसंच. जिओचं ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीचा आधार न घेणाऱ्या, पद्धतीचं आहे. सुरुवातीच्या काळातला परदेशी ५जी फोन फक्त नॉन-स्टँडअलोन असेल, तर जिओवर तो ४जीच राहील.

मुलगी सप्टेंबरमध्ये एक वर्षाच्या एमएस्सीसाठी ब्रिटनमध्ये लीड्सला जातेय. तिथे करारावर नवा फोन घ्यावा, की जुना अनलॉक फोन आणि वेगळं सिम? – एक पालक, कोल्हापूर

वेगळं सिम. तिथे करार बहुतेक दोन-तीन वर्षांचा असतो, आणि त्याआधी क्रेडिट तपासतात. नुकत्याच पोचलेल्या विद्यार्थिनीची तिथे पतच नसते, त्यामुळे अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. एक वर्षाच्या एमएस्सीसाठी तो गळ्यात का बांधून घ्यायचा? तीस दिवसांचं सिम-ओन्ली घ्यावं, नको झालं की सोडावं.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना नेटवर्कला बांधलेला फोन विकायला बंदी आहे. त्यानंतर तिथल्या कंपनीकडून घेतलेला फोन इथे परत आणला तरी चालतो. त्याआधीचा असेल तर विचारून घ्यावं. जुना फोन घ्यायचाच तर दुकानाच्या वेबसाइटवरून घ्यावा, कारण ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत रद्द करता येते. फेसबुकवरच्या अनोळखी विक्रेत्याला हा नियम लागू नाही.

मात्र आधी हातातला फोन बघा. तिथलं ३जी बंद झालंय, म्हणून व्होल्टी हवंच, आणि घरांच्या आत सिग्नल मिळायला बँड २० लागतो. भारतात विकलेल्या काही स्वस्त फोनना तो नसतो. असेल तर तोच फोन घेऊन जाऊ द्या.

घेतलेला सेकंड हँड फोन अचानक कुठल्याच सिमवर चालेना. दुकानदार म्हणतो, आयएमईआय बदलून देतो, हजार रुपये. करावं का? – एक वाचक, सोलापूर

करू नका. तो फोन बहुधा चोरीचा म्हणून ब्लॉक झालाय. आयएमईआय बदलणं २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय बदललेला क्रमांक दुसऱ्या कुणाच्या चालू फोनचा निघाला तर तोही अडकतो. बिल घेऊन जिथून फोन घेतला तिथे जा, पैसे परत मागा. दुकानदार ऐकत नसेल तर बिलाची प्रत जोडून पोलिसांत लेखी अर्ज द्या. बिल नसेल तर पैसे कसे दिले ते आठवा. यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहे, तीच अर्जाला जोडा.