परक्या मैदानावर जाताना

प्रिय भाच्या,
अनेक आशीर्वाद.

लीड्सला शिकायला गेल्यापासून तू एलंड रोडचा, म्हणजे लीड्सच्या फुटबॉल क्लबच्या मैदानाचाच झालास, हे ताईकडून कळत होतं. आता लंडनच्या फुलहॅम क्लबच्या मैदानावर अवे मॅच बघायला जायचं म्हणतोस. फार आनंद झाला, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय.

घरच्या मैदानावर तू एखाद्या दिवशी गेला नाहीस, तरी गर्जना व्हायची ती होतेच. परक्या मैदानावर आपली माणसं मोजकी असतात. प्रीमियर लीगच्या नियमाप्रमाणे पाहुण्या क्लबच्या चाहत्यांसाठी ३,००० जागा ठेवाव्या लागतात आणि मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. बाकी सगळं मैदान यजमानांचं. त्या एका कोपऱ्यातून उठणारा आवाज आपल्या अकरा जणांना बरोबर ऐकू येतो. तिथे तुझ्या असण्याला वजन आहे आणि तुझ्या वागण्यालाही, कारण तू कसा वागतोस त्यावरून लोक सगळ्या लीड्सला जोखतात.

तिकीट आपल्या क्लबकडूनच घे. पाहुण्यांच्या तिकिटावर २०१६-१७च्या हंगामापासून ३० पौंडांची कमाल मर्यादा आहे. ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, वेगवेगळ्या क्लबांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन मागणी लावून धरली तेव्हा मिळाली. बाहेर चढ्या भावाने तिकीट विकणाऱ्याच्या नादी लागू नकोस. परवानगीशिवाय अशी विक्री करणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. यजमानांच्या स्टँडमधलं तिकीट मिळतंय म्हणून तिथे जाऊन बसणं तर नकोच. आपला गोल झाल्यावर तुला गप्प राहता येणार नाही, आणि मग स्टुअर्ड, म्हणजे मैदानावरची व्यवस्था बघणारे कर्मचारी, तुला बाहेर काढतील.

रेल्वेचं बुकिंग घाईने करू नकोस. वेळापत्रकात शनिवारी दुपारी ३ची वेळ दिसते, पण टीव्हीवाल्यांनी मॅच निवडली की ती रविवारी किंवा सोमवारी रात्री जाते. स्वस्तातलं आगाऊ तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून टीव्हीच्या तारखा जाहीर होईपर्यंत थांब. विद्यार्थ्यांचं रेलकार्ड काढ, एक तृतीयांश भाडं वाचतं. आणि मॅच रात्रीची असेल तर परतीची शेवटची गाडी आधी बघ, जाण्याची नंतर.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मैदानावर लवकर पोहोच. बरेच जण शिट्टीच्या दहा मिनिटं आधी धावतपळत आत शिरतात आणि नव्वद मिनिटं झाली की परत फिरतात. एवढ्या लांब जाऊन त्यांनी मॅच पाहिली, पण जागा पाहिलीच नाही. क्रेव्हन कॉटेज या फुलहॅमच्या मैदानाच्या बाबतीत तर हे फार मोठं नुकसान आहे. किंग्ज क्रॉसला उतरलास की पिकाडिली लाइनने अर्ल्स कोर्टला जा, तिथून डिस्ट्रिक्ट लाइनची विम्बल्डनकडे जाणारी गाडी पकड आणि पटनी ब्रिजला उतर. तिथून गल्ल्यांमधून न जाता बिशप्स पार्कमधून चाल. डाव्या हाताला थेम्स, वर मोठमोठी झाडं, उजवीकडे फुलहॅम पॅलेस, जिथे लंडनचे बिशप अनेक शतकं राहत होते. पलीकडच्या काठावर नौकानयनाच्या क्लबांची बोटघरं दिसतील. ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत इथूनच, पटनी ब्रिजपाशी सुरू होते. फुटबॉलच्या मैदानाकडे जाणारी इतकी सुंदर वाट इंग्लंडात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाग संपता संपताच मैदानाच्या त्या टोकाचा स्टँड, पटनी एंड, लागतो. आपले लोक तिथेच बसतात, पण लगेच आत शिरू नकोस. स्टीव्हनेज रोडवर वळ आणि समोरच्या लाल विटांच्या दर्शनी भिंतीसमोर थोडा थांब. हा स्टँड १९०५चा. तो ग्लासगोच्या आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याने उभारला. लीच मूळचा कारखान्यांच्या इमारती आखणारा माणूस. पुढे ब्रिटनमधल्या कितीतरी मैदानांना त्याचा हात लागला. आज ही वास्तू सरकारी वारसा यादीत आहे आणि आतल्या जुन्या लाकडी खुर्च्या अजून वापरात आहेत. बाहेर जॉनी हेन्सचा पुतळा आहे. हेन्स फुलहॅमसाठी ६५८ सामने खेळला, इंग्लंडचा कर्णधार होता, आणि १९६१मध्ये खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा उठली तेव्हा आठवड्याला १०० पौंड मिळवणारा पहिला इंग्लिश फुटबॉलपटू ठरला. आपण ज्यांच्याविरुद्ध ओरडणार आहोत त्यांचा मोठा माणूस कोण, हे माहीत असावं. त्याने आपलं प्रेम कमी होत नाही.

आत गेल्यावर उजव्या कोपऱ्यात ते कॉटेज, म्हणजे बंगलीवजा इमारत, दिसेल. कपडे बदलण्याच्या खोल्या त्यातच आहेत, त्यामुळे खेळाडू मैदानात येतात ते मधल्या बोगद्यातून नव्हे, त्या कोपऱ्यातून, म्हणजे आपल्या लोकांच्या अगदी जवळून. पहिला आवाज त्या क्षणी द्यायचा असतो. मग घसा बसेपर्यंत गा. शब्द येत नसतील तर शेजारच्याचं ऐकून उचल, कुणी हसत नाही. तिकिटावर जागा छापलेली असली तरी पाहुण्यांच्या भागात बहुतेक सगळे उभेच असतात, तेव्हा मागे लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर जागा बदलून दे. बिअर खाली, स्टँडच्या आतल्या मार्गिकेतच प्यायची. खेळ दिसतो तिथे पेला नेणं १९८५च्या कायद्यापासून बंद आहे.

एका गोष्टीत मात्र मी तुझ्याकडून वचन मागतो. मेलेल्यांची टवाळी करणारी घोषणा कानावर आली तर तिच्यात तुझा आवाज मिसळू नकोस, मग ती आपल्या बाजूने उठलेली का असेना. ६ फेब्रुवारी १९५८ला मँचेस्टर युनायटेडच्या संघाला नेणाऱ्या विमानाला म्युनिकला अपघात झाला, त्यात २३ जण गेले. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत, मॅच बघायला गेलेल्या लिव्हरपूलच्या चाहत्यांपैकी ९७ जणांचा जीव गेला. आणि आपलं दुःख तर अवे मॅचचंच आहे. गालातासराय या तुर्की क्लबविरुद्धच्या उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री, ५ एप्रिल २०००ला, इस्तंबूलमध्ये लीड्सच्या दोन चाहत्यांना भोसकून मारलं. तेही तुझ्यासारखेच, संघामागे परक्या गावी गेलेले होते. त्यांच्या नावाने कुणी हसलं की आपल्याला काय होतं, ते दुसऱ्याच्या मृतांबद्दल तोंड उघडण्याआधी आठव.

तुझ्या रंगावरून कुणी काही बोललं तर गिळून टाकू नकोस आणि अंगावरही धावून जाऊ नकोस. जवळच्या स्टुअर्डला जागेचा क्रमांक आणि वेळ सांग. वंशद्वेषी घोषणा १९९१च्या कायद्याने गुन्हा आहेत. आजूबाजूचे आपले लोकही तुझ्या बाजूने उभे राहतील. मी लीड्सच्या गर्दीत ते पाहिलेलं आहे. बाहेर पबच्या दारावर फक्त यजमानांना प्रवेश असं लिहिलेलं असेल तर वाद न घालता पुढे चाल. स्कार्फ मात्र लपवू नकोस. फुलहॅमचे लोक त्या बाबतीत दिलदार आहेत, बागेत चालताना दोन्ही रंग शेजारी शेजारी दिसतात.

हरत असलो तरी ऐंशीव्या मिनिटाला उठून निघू नकोस. शेवटच्या शिट्टीनंतर खेळाडू आपल्या कोपऱ्याकडे टाळ्या वाजवत येतात, तेव्हा तिथे माणसं दिसली पाहिजेत. त्यानंतर पटनी ब्रिजला मोठी रांग लागते, तिच्यासाठी परतीच्या गाडीआधी दीड-दोन तास हाताशी ठेव.

ताईला पोहोचल्यावर एक मेसेज कर, तिला काळजी वाटते. तिकीट लागलं की रांग कुठली ते मला कळव. पुढची असेल तर पावसाचं जाकीट घेऊनच जा, तिथे छपराचा फारसा आडोसा मिळत नाही.

तुझा,
मामा