स्टीफन लँग्टन पोपचा माणूस होता की बॅरन लोकांचा?

तुमचा प्रश्न असा की लँग्टनला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, पोपनेच केलं, मग 1215 मध्ये बॅरन मंडळींना, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्या बड्या सरदारांना, बहिष्कृत करायचा (चर्चबाहेर काढायचा) पोपचा हुकूम त्याने का पाळला नाही, तो फितूर झाला का? माझं मत विचाराल तर अजिबात नाही, उलट त्या सगळ्या भांडणात स्वतःच्या शब्दाला धरून राहिलेला हा एकच माणूस दिसतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1205 मध्ये आधीचा आर्चबिशप वारला. कँटरबरीच्या मठातल्या साधूंनी गुपचूप आपल्यातलाच एक जण निवडला, मग इंग्लंडच्या जॉन राजाने दबाव टाकून नॉरिचच्या बिशपला निवडून घेतलं, आणि प्रकरण रोमला गेलं. पोप इनोसंट तिसरा याने दोन्ही निवडी रद्द केल्या आणि रोममध्ये आलेल्या साधूंकडून लँग्टनला निवडून घेतलं. लँग्टन इंग्रजच, पण पॅरिसमध्ये कित्येक वर्षं धर्मशास्त्र शिकवत होता आणि जॉन तर तेव्हा फ्रान्सच्या राजाकडून मार खाऊन बसलेला, त्याला हे कसं पचणार! 1207 च्या जूनमध्ये पोपने इटलीतल्या विटर्बोला स्वतः दीक्षाविधी केला, तरी जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिलं नाही.

मग मार्च 1208 पासून पोपने इंग्लंडभर चर्चचे विधी बंद केले आणि हे थेट जुलै 1214 पर्यंत चाललं. बाळांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची कबुली एवढं सोडलं तर बाकी जवळपास सगळं ठप्प, मेलेल्या माणसाला चर्चच्या पवित्र जमिनीत पुरता येत नव्हतं. ज्या समाजात मेल्यानंतरचं सगळं त्या चार फूट जमिनीवर अवलंबून आहे असं लोक मानायचे तिथे बाईने आपल्या नवऱ्याला कुठेतरी बाहेर पुरायचं, भांडण कोणाचं तर राजाचं आणि पोपचं. मला या सहा वर्षांबद्दल वाचताना दरवेळी या लोकांचंच वाईट वाटतं. जॉनने चर्चच्या जमिनी जप्त केल्या, 1209 मध्ये तो स्वतः बहिष्कृत झाला, तरी हटला नाही.

हटला तो 1213 मध्ये, फ्रान्सचा फिलिप स्वारीच्या तयारीत होता तेव्हा. आणि नुसता लँग्टनला मान्यता देऊन थांबला नाही, अख्खं राज्य पोपला अर्पण करून वर्षाला 1000 मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) द्यायचं कबूल करून मांडलिक झाला. सगळं इथेच फिरलं बघा. कालपर्यंत जो पोपचा शत्रू तो आता पोपचा मांडलिक, म्हणजे त्याच्याविरुद्ध उठणारा प्रत्येक जण पोपचाही शत्रू.

लँग्टन परत आला, जुलै 1213 मध्ये विंचेस्टरला त्यानेच राजाला बहिष्कारातून मोकळं केलं, आणि पुढे बॅरन आणि राजा यांच्यात मध्यस्थी केली. जून 1215 च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाला कायद्याने बांधणाऱ्या सनदेत, सल्लागारांच्या यादीत पहिलं नाव त्याचं आहे आणि पहिलं कलमच चर्चच्या स्वातंत्र्याचं. पण ऑगस्टमध्ये इनोसंटने सनद रद्द केली आणि राजाचा शांतताभंग करणाऱ्यांना बहिष्कृत करा असा हुकूम आला. लँग्टनने नकार दिला, तेव्हा पोपचा दूत पँडल्फ आणि विंचेस्टरचा बिशप यांनी त्याला निलंबित केलं. तो रोमला गेला तर ज्या पोपने त्याला आर्चबिशप केलं होतं त्यानेच निलंबन कायम केलं. तरी लँग्टन बंडखोरांना जाऊन मिळाला नाही, हे महत्त्वाचं आहे. राजाही कायद्याने बांधलेला आहे हे त्याचं म्हणणं होतं, राजाला काढून दुसरा बसवा हे नव्हे.

1216 मध्ये इनोसंट आणि जॉन दोघंही वारले, 1218 मध्ये लँग्टन इंग्लंडला परतला. नंतर तो पुन्हा रोमला जाऊन आला, आणि 1221 मध्ये पँडल्फची पोपच्या दूतपदावरून सुट्टी झाली. 1223 मध्ये लँग्टनने जॉनच्या मुलाकडे, तरुण राजा हेन्री तिसऱ्याकडे, सनद पाळण्याची मागणी केली, तेव्हा राजाचा एक दरबारी म्हणाला की ती जबरदस्तीने घेतलेली आहे, मानायची गरज नाही. लँग्टनने त्याला सगळ्यांसमोर झापलं, राजावर प्रेम असेल तर राज्याच्या शांततेत खोडा घालू नकोस या अर्थाने. राजाने सनद पाळायचं कबूल केलं. 1225 मध्ये सनद नव्याने निघाली, बदल्यात राजाला कर मिळाला, आणि ती मोडणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा लँग्टननेच बाकीच्या बिशपांना घेऊन जाहीर केली. पुढे इंग्लंडच्या कायद्यात टिकला तो हाच 1225 चा मसुदा.