नाण्यांच्या छायाचित्रणासाठी कॅमेरा निवडताना: आधी लेन्स, मग बॉडी

नमस्कार. आपल्या संग्रहात शिवराईची (शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याची) सुमारे 300 नाणी आणि ब्रिटिश काळातले काही चांदीचे रुपये आहेत, त्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून सूची करायची आहे. त्यासाठी 50 हजारांत किट लेन्ससह (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्ससह) मिळणारा 24 मेगापिक्सेलचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा, की ‘1 सेंटीमीटरवरून मॅक्रो’ (म्हणजे अगदी जवळून मोठे चित्र) अशी जाहिरात असलेला छोटा कॉम्पॅक्ट घ्यावा, असे आपण विचारले आहे. बरीच वर्षे तांब्याची नाणी टिपल्यावर माझे मत असे झाले आहे की दोन्ही पर्याय जसेच्या तसे घेऊ नयेत. रकमेचा मोठा भाग लेन्स, स्टँड आणि प्रकाश यांवर खर्च करावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), शक्यतो वापरलेली, घ्यावी.

मीही सुरुवातीला असाच एक कॉम्पॅक्ट घेतला होता. तो 1 सेंटीमीटरवरून फोकस करतो हे खरे होते, पण तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याचीच सावली नाण्यावर पडत असे. शिवाय इतक्या जवळून फोकस होत असे तो फक्त वाइड अँगलला, त्यामुळे नाण्याची कड वाकडी दिसे आणि गोल नाणे गोल येत नसे. म्हणून दुकानात ‘किती जवळून फोकस होतो’ हे विचारण्यापेक्षा ‘हव्या तेवढ्या मोठ्या प्रतिमेसाठी नाणे आणि लेन्स यांच्यात किती जागा उरते’ हे पाहावे. प्रकाश त्याच जागेतून आत जाणार असतो.

आता आकाराचा हिशेब पाहू. शिवराईचा व्यास साधारण 20 मिलिमीटर धरला आणि एपीएस-सी या प्रचलित आकाराच्या सेन्सरची (प्रतिमा टिपणाऱ्या चिपची) उंची सुमारे 15.6 मिलिमीटर असली, तर नाण्याने चौकट जवळजवळ भरण्यासाठी सेन्सरवर पडणारी प्रतिमा मूळ नाण्याच्या 0.7 पट असावी लागते. किट लेन्स बहुधा पाव ते एक तृतीयांश पटीपर्यंतच पोहोचते. म्हणजे 6000 × 4000 पिक्सेलच्या चित्रात नाण्याच्या वाट्याला जेमतेम 1,500 पिक्सेलचा व्यास येतो. तोच 0.7 पटीला सुमारे 3,600 होतो. सूचीत नुसते चित्र दाखवायचे असेल तर 1,500 पुरतात, परंतु शिवराईच्या संग्राहकाचे काम तेवढ्यावर भागत नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ ही अक्षरे असली तरी त्यांचे वळण आणि लेखन नाण्यागणिक बदलते, आणि प्रकार ठरतात ते त्यावरूनच. चकती ठशापेक्षा लहान असल्याने कडेची अक्षरे पुष्कळदा अर्धीच उमटलेली असतात, म्हणून उरलेली प्रत्येक रेघ चित्रात वाचता यायला हवी. चांदीच्या रुपयाचा व्यास सुमारे 30 मिलिमीटर असल्याने त्याला अर्धी पटही पुरते.

यासाठी 90 ते 105 मिलिमीटरची, 1:1 पर्यंत (सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराएवढी प्रतिमा) जाणारी मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची. 40 मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सही 1:1 देतात, परंतु तिथे समोर तीन-चार सेंटीमीटरच जागा उरते, तर 100 मिलिमीटरच्या लेन्सला 14-15 सेंटीमीटर मिळतात. ऑटोफोकसची येथे गरज नसल्याने जुनी, हाताने फोकस करायची लेन्सही उत्तम चालते. निकॉनची 55 मिलिमीटर एफ/2.8 मायक्रो-निक्कोर एकटी अर्ध्या पटीपर्यंत जाते आणि 27.5 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडी यांमध्ये बसणारी पोकळ नळी) जोडल्यावर 1:1 देते. निकॉनच्या प्राथमिक श्रेणीच्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडीवर अशा लेन्ससोबत लाइट मीटर (प्रकाश मोजणारी सोय) चालत नाही, पण त्याची चिंता करू नका. नाणे हलत नाही आणि प्रकाशही बदलत नाही, त्यामुळे एकदा ठरवलेले एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा ते) दिवसभर पुरते.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर साध्या 50 मिलिमीटर लेन्समागे 36 मिलिमीटरची ट्यूब लावावी. 36 ला 50 ने भागले की 0.72 येतात, म्हणजे शिवराईला नेमकी हवी तेवढी पट मिळते. अशा जोडणीत चित्राचे कोपरे थोडे मऊ येतात, परंतु नाणे गोल आणि मधोमध असल्याने कोपऱ्यांत पार्श्वभूमीच असते. ट्यूब मात्र विद्युत संपर्क असलेलीच घ्यावी, अन्यथा आजच्या बहुतेक लेन्सचे छिद्र (प्रकाश आत सोडणारे अ‍ॅपर्चर) कमी-जास्त करता येत नाही.

छिद्राविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. अधिक खोली फोकसमध्ये यावी म्हणून अनेक जण एफ/22 लावतात (आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि चित्र पुसट का आले म्हणून कॅमेरा बदलायला निघतात. जवळच्या छायाचित्रणात प्रत्यक्ष छिद्र आकड्यापेक्षा लहान ठरते. 1:1 ला एफ/11 हे एफ/22 सारखे वागते आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे विरघळतात. एफ/5.6 ते एफ/8 दरम्यान राहावे. 0.7 पटीला एफ/8 वर साधारण 1 मिलिमीटर खोली मिळते आणि झिजलेल्या शिवराईला ती पुरते, फक्त नाणे सेन्सरला समांतर हवे. ते जुळवण्यासाठी नाण्याच्या जागी लहान सपाट आरसा ठेवावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरील थेट चित्रात) लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा सरळ करावा.

स्टँडसाठी जुन्या डार्करूममधल्या एन्लार्जरचा (फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राचा) खांब आणि पाट यांसारखी स्वस्त आणि भक्कम वस्तू नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ती शोधावी. तिरप्या ट्रायपॉडवर 300 नाणी टिपण्याचा त्रास कोणी घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

प्रकाशासाठी 90 पेक्षा अधिक सीआरआयचे (रंग खरे दाखवण्याच्या मोजमापाचे) दोन एलईडी दिवे पुरेत. काळपट तांब्यावर एक दिवा पाटापासून कमी उंचीवर, चित्राच्या वरच्या डाव्या अंगाने ठेवला की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली मिळते आणि ती वाचता येतात. दिवा चित्राच्या खालच्या कडेच्या बाजूने ठेवू नये, कारण मग उठावाची अक्षरे खोदलेली भासतात. चकचकीत रुपयावर उलट गोष्ट होते: थेट प्रकाशाने तो भाजल्यासारखा दिसतो, म्हणून मध्ये ट्रेसिंग पेपर धरावा. नाणे उजळ दिसावे म्हणून ते चिंचेने, लिंबाने किंवा भांडी घासायच्या पावडरीने घासू नका, ही कळकळीची विनंती. निघून गेलेला थर परत येत नाही आणि त्यासोबत नाण्याचे मोलही जाते.

बॉडीत मी इतकेच पाहीन: लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकस तपासता यावा, रॉ फाइल (सेन्सरवरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) मिळावी, एक्स्पोजर हाताने ठरवता यावे आणि जमल्यास वायरने संगणकाशी जोडता यावे. हे सारे वापरलेल्या 24 मेगापिक्सेल एपीएस-सी बॉडीत मिळते. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यू आणि 2 सेकंदांचा टायमर वापरावा, म्हणजे आरशाचा आणि हाताचा धक्का चित्रात येणार नाही.

खरेदीला जाताना खिशात पट्टी न्यावी. कॅमेरा आणि लेन्स जोडून, सर्वांत जवळचा फोकस लावून पट्टी आडवी टिपावी आणि चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजावे. 3:2 प्रमाणाच्या सेन्सरवर 33 किंवा त्याहून कमी दिसले तर शिवराईला ती जोडी चालेल, 50 च्या आसपास दिसले तर रुपयापुरती चालेल. त्याच वेळी लेन्सच्या पुढच्या कडेपासून पट्टीपर्यंतचे अंतरही मोजा. ते 8 सेंटीमीटरपेक्षा कमी भरले, तर दुसरी लेन्स दाखवायला सांगा.