शब्द गेले तर जाऊ देत, तू थांबू नकोस

अगं,

परवा हुतात्मा सभागृहात गाताना दुसऱ्या अंतऱ्यात शब्द गेले आणि तू माइक खाली करून सॉरी म्हणालीस, तबलेवाला बिचारा ठेका धरून तुझी वाट बघत राहिला. मी मागच्या रांगेत होतो. तेव्हा बोललो नाही, तू रडवेली झालेलीस आणि मलाही काय सांगावं सुचत नव्हतं.

सुचलं ते रविवारी माळा आवरताना. जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅसेटचा खोका सापडला, त्यात अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डची बर्लिनची लाइव्ह कॅसेट, मित्राने मुंबईहून भरून आणलेली. पेन्सिल घालून रीळ ताणलं, पण डेकचा बेल्ट ढिला झालाय, एला एकदम बाप्या माणसासारखी गायला लागली 😄 शेवटी फोनवरच लावलं.

कॉलेजात असताना मी त्यातलं फक्त शेवटचं 'हाऊ हाय द मून' उगाळायचो, कारण त्यात ती शब्द सोडून नुसत्या दा-बा-डू अक्षरांवर सुटते, आपल्या तराण्यासारखी. त्याच्या आधीचं 'मॅक द नाइफ' मी पुढे ढकलायचो. गाढवपणा!

१३ फेब्रुवारी १९६०, डॉइचलांडहाले, समोर भरलेला हॉल. गाणं मूळचं बर्लिनचंच, कुर्ट वाइलची चाल, १९२८ च्या नाटकातली. म्हणजे त्यांच्याच गावात त्यांचंच गाणं, आणि ती सुरुवातीलाच सांगते की शब्द सगळे आठवतील अशी आशा आहे. अर्ध्यावर गेलेच. तर बाई काय करते, विसरले हेच गाऊन सांगते, तालात, यमक जुळवत! बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी हे गाणं गाजवलं आणि आता आम्ही त्याची वाट लावतोय अशा अर्थाचं काहीतरी, मग लुईचा घोगरा आवाज काढते, आणि मागे पियानोवाला पॉल स्मिथ आणि मंडळी जराही हलत नाहीत, पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढतच राहते. त्या चुकलेल्या गाण्याला ग्रॅमी मिळालं गं.

मी पण एका लग्नात, ऑर्केस्ट्रात असताना, कडवं विसरून कीबोर्डवरचे हात काढले होते. लोकांना चुकलेलं कळलंच नसतं, ती शांतता कळली. तुझंही तेच झालं बघ.

आता याचा अर्थ पाठांतर करू नको असा काढू नकोस, एलाकडे तेव्हा पंचवीसेक वर्षांचा रियाज होता. आणि नाट्यगीतात असली गंमत केलीस तर पहिल्या रांगेतले आजोबा उठून जातील, तिथे आलाप घे, मुखड्यावर ये, तबला पकडून राहा.

गुरुवारी सहाला ये. मी मध्येच टाळी वाजवीन, तिथून शब्द बंद, पुढचं काय वाटेल ते गा पण समेवर ये. वही घरी ठेवून ये.